जुन्या थिंकपॅडमधे मोठी हार्डडिस्क टाकायचीय, दुकानदार म्हणतो १ टीबीच्या वर चालणारच नाही

डोंगरवाट (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लेनोवो थिंकपॅड टी४३० आहे, २०१२ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला, आय५ थर्ड जनरेशन, रॅम ८ जीबी आणि आत ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. मशीन अजून ठणठणीत आहे, कीबोर्डची सवय अशी लागलीय की दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर हातच बसत नाही, त्यामुळे विकायचा विषय नाही. पण जागा संपली. सी ड्राइव्हमधे जेमतेम ९ जीबी उरलीय आणि डी कधीचा लाल झालाय.

आत काय आहे तर गडकिल्ल्यांचे फोटो (रॉ मधे काढायची खोड आहे, एकेक फोटो २५ एमबीचा), आमच्या नाट्यमंडळाच्या प्रयोगांचं शूटिंग, दोन दुकानांचे हिशोब टॅलीत, आणि सोसायटीचा पत्रव्यवहार जो सगळा जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे टाइप केलेला आहे. एक्सटर्नल डिस्क आहे पण ती कायम लोंबकळत ठेवायचा वैताग येतो, वायर जरा हलली की मधेच डिस्कनेक्ट.

इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाला साहेब याचा बायोस (मशीन चालू करणारा आतला प्रोग्रॅम) जुना, १ टीबीच्या वर डिस्क दिसणारच नाही, त्यापेक्षा एक्स्चेंजमधे द्या. खरंय का हे? मला तर ४ टीबी टाकावी असं वाटतंय म्हणजे पुढची पाचसहा वर्षं बघायला नको. आणि विंडोज १० आहे तसंच्या तसं नव्या डिस्कवर जातं का, की सगळं परत इन्स्टॉल करायचं? डीव्हीडीच्या जागी पण हार्डडिस्क बसते असं ऐकलंय, ते कितपत बरं? जरा सविस्तर सांगा, मला स्क्रू ड्रायव्हरची भीती नाही पण डेटाची आहे.

तापकीर_गल्लीकर

दुकानदाराला लॅपटॉप हवाय, बाकी काही नाही. १ टीबीची कुठलीही मर्यादा टी४३० ला नाही.

ही अफवा येते कुठून ते सांगतो. फार जुन्या आयडीई (जुन्या डिस्क-जोडणीच्या) लॅपटॉपमधे, म्हणजे २००२ च्या आधीच्या, सेक्टरचा (डिस्कवरच्या बारक्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांचा असायचा, त्यामुळे १३७ जीबीच्या पुढचं बायोसला दिसायचंच नाही. नंतर ४८ बिट आले आणि तो विषय संपला. तुमच्या मशीनला साटा (नंतर आलेली डिस्क-जोडणी) आहे, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. दुसरी मर्यादा एमबीआर पार्टिशनची (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत), ३२ बिटांचा आकडा आणि ५१२ बाइटचे सेक्टर, गुणाकार केला की साधारण २.२ टीबी येतात. २ टीबीची डिस्क त्याच्या आत बसते, म्हणजे जुन्या लेगसी बायोस पद्धतीनेसुद्धा बूट होईल. त्याच्या वर जायचं असेल तर जीपीटी (भाग पाडायची नवी पद्धत) करायचं, आणि त्यावरून विंडोज बूट करायला यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं, जे टी४३० मधे आहेच. चालू करताना एफ१ दाबा, स्टार्टअपमधे यूईएफआय की लेगसी ते निवडता येतं.

आता खरी अडचण. ती जाडीची आहे. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते हे सगळ्यांना माहीत असतं पण जाडी कोणी बघत नाही. ७ मिमी घेतली तर डोळे मिटून बसते. अडीच इंचीमधे ३, ४, ५ टीबीच्या ज्या हार्डडिस्क मिळतात त्या १५ मिमी जाड असतात, त्या कुठल्याच साध्या लॅपटॉपच्या खणात जात नाहीत, त्यामुळे तुमचं ४ टीबीचं स्वप्न हार्डडिस्कपुरतं तरी इथेच संपलं. ७ मिमीमधे २ टीबी ही शेवटची पायरी. आणि कोणी म्हणालं की एक्सटर्नल स्वस्त मिळते, ती फोडून आतली काढू, तर थांबा, बऱ्याच पोर्टेबल डिस्कमधे आता यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, आत साटाचा कनेक्टरच नसतो. फोडली की गेली.

अजून एक, विंडोज २ टीबीला १.८१ टीबी दाखवेल, त्यावरून दुकानात भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

अंबाझरी (नागपूर)

वरचं सगळं बरोबर, पण मला एक कळत नाही, २०१२ च्या मशीनमधे आज परत फिरती हार्डडिस्क काऊन टाकायची? एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) टाका ना.

मी ऑफिसातली अशी जुनी मशीनं करून दिलीत, फरक सांगतो. ५४०० आरपीएमची डिस्क सलग वाचताना फार तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, साटा एसएसडी ५०० च्या पुढे. पण खरा फरक बारक्या बारक्या फायली उचलण्यात आहे, विंडोज चालू होताना तेच तर चालतं. हार्डडिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं, टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के, आणि आपण चहा करून येतो. टी४३० चा मेन खण ६ गिगाबिटचा आहे म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळतो.

आणि ७ मिमीच्या २ टीबी ज्या मिळतात ना, त्या जवळपास सगळ्याच एसएमआर. म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलून परत लावावी लागते. त्यामुळे नुसतं साठवायला ठीक, पण त्यावर विंडोज टाकलं आणि अपडेट चालू झालं की मशीन मेल्यागत होते. कॉपी करताना सुरुवातीला छान पळते आणि आतला कॅशे भरला की वेग १०-२० वर येतो. लोक म्हणतात डिस्क खराब निघाली. खराब नसते, तिचा स्वभावच तो.

जुनाट_मशीन

मधे तोंड घालतो. दोघांचंही बरोबर आहे कारण या मॉडेलमधे दोन्ही बसतं. मेन खणात एसएसडी, त्यावर विंडोज आणि टॅली. डीव्हीडी काढून तिथे कॅडी (डीव्हीडीच्या आकाराची, डिस्क बसवायची चौकट), कॅडीत २ टीबी हार्डडिस्क, त्यावर फोटो नि नाटकं. डीव्हीडीचा खण ३ गिगाबिटचा धरला तरी फिरती डिस्क तेवढंही भरू शकत नाही त्यामुळे तोटा शून्य.

कॅडी घेताना एकच बघा. कॅडी ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन जाड्यांत येतात. दिसायला सारख्याच. आधी आपली डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढा, पट्टीने जाडी मोजा, मग ऑर्डर करा. मॉडेलचं नाव टाकून सर्च केलं की विकणारे सगळ्याला सगळं फिट म्हणतात. आणि डीव्हीडीच्या तोंडाची जी प्लॅस्टिकची पट्टी असते ती काढून कॅडीला लावता आली तर लावा, नाहीतर बाजूला भोक दिसत राहतं आणि धूळ जाते.

डोंगरवाट

वा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. ४ टीबीचा नाद सोडला. एसएसडी अधिक कॅडी हे पटतंय.

एक शंका. क्लोन (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणं) करायच्या आधी डिस्क तपासावी असं एका ठिकाणी वाचलं म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं. पिवळं दाखवतंय, कॉशन. ०५ (बदललेले सेक्टर) पुढे काही नाही, सगळी शून्यं. पण सी५ करंट पेंडिंग सेक्टर काउंटपुढे शेवटी १८ दिसतंय. १८ म्हणजे फार का? मशीन तर चालू आहे, कधी कधी एखादा फोल्डर उघडायला वेळ लागतो एवढंच.

तापकीर_गल्लीकर

थांबा. आधी हे वाचा मग बाकीचं.

ते १८ हेक्समधे (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) आहे, म्हणजे २४. मेनूत फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज मधे जाऊन डेसिमल करा, दिसेल. पेंडिंग म्हणजे ते २४ सेक्टर डिस्कला वाचता येईनात आणि अजून ते बदललेही नाहीत. फोल्डर उघडायला वेळ लागतो तो याच्यामुळेच, डिस्क तिथे परत परत वाचायचा प्रयत्न करतेय. अशी डिस्क वर्षभरही चालेल आणि उद्या सकाळीही जाईल, कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

तर आता आधी डिफ्रॅग, चेकडिस्क, फुल स्कॅन यातलं काहीही करू नका, उगाच डिस्क घासली जाते. सगळ्यात महत्त्वाचं ते आजच बाहेर काढा. टॅलीचा बॅकअप पहिला. तो छोटा असतो, पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर दोन्हीकडे टाका. टॅलीप्राइम असेल तर डेटा बहुतेक पब्लिक युजरच्या फोल्डरमधे असतो, तो आख्खा फोल्डर उचला. मग पत्रव्यवहार, मग फोटो, सगळ्यात शेवटी नाटकांचं शूटिंग कारण ते सगळ्यात मोठं. कॉपी करताना एखाद्या फायलीवर अडकलं तर तिला स्किप करून पुढे जा, तिच्याशी झोंबत बसू नका.

आणि टॅलीचं लायसन्स! हे लोक हमखास विसरतात. लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, हार्डडिस्क बदलली की ते दुसरं मशीन समजू शकतं. जुनी डिस्क चालू आहे तोवरच आतून लायसन्स सरेंडर करून टाका, नव्यावर परत अ‍ॅक्टिव्हेट होईल. डिस्क मेल्यावर मग कस्टमर केअरच्या मागे लागावं लागतं, ते पण मार्चएंडला.

अंबाझरी (नागपूर)

यात भर घालतो. पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कवर साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर चालवलं की ते पहिल्या एररला मान टाकतं. क्लोनझिलात एक्स्पर्ट मोडमधे रेस्क्यू म्हणून पर्याय आहे, तो खराब सेक्टर सोडून पुढे जातो. त्याहून बरं म्हणजे लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू. ते आधी चांगला भाग झरझर उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. मॅपफाइल ठेवायला विसरू नका म्हणजे मधे थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं.

पण माझं मत विचाराल तर तुमच्या केसमधे क्लोन करूच नका. एक तर कुठली सिस्टिम फाइल त्या २४ सेक्टरात बसलीय ते माहीत नाही, तो आजार नव्या एसएसडीवर घेऊन कशाला जायचं? दुसरं म्हणजे तुम्ही ४८० ची एसएसडी घेतलीत तर ती जुन्या ५०० पेक्षा लहान आहे, क्लोनझिलाला टार्गेट तेवढंच किंवा मोठंच लागतं, मग आधी पार्टिशन आक्रसायची, तेही आजारी डिस्कवर. सरळ विंडोज १० नव्याने टाका. तुमचं आधीचं विंडोज नीट अ‍ॅक्टिव्हेट असेल तर डिजिटल लायसन्स मदरबोर्डला चिकटलेलं असतं, की मागितली तर स्किप म्हणा, नेट लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. फक्त होम होतं की प्रो ते आधी बघून ठेवा आणि तेच टाका.

आणि ते जुने फॉन्ट! विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या पत्रांचे फॉन्ट वेगळे कॉपी करून ठेवा. नव्या विंडोजवर ते नसले की तुमचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल आणि सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हाला व्हायरस आला म्हणतील.

लिनक्सवाला_काका

एवढं करताच आहात तर विंडोज १० कशाला? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ तुमच्या मशीनवर अधिकृतपणे जात नाही, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा लागतो आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. लिनक्स मिंट टाका, टी४३० वर लोण्यासारखं चालतं, वायफायपासून सगळं आपोआप ओळखतं.

तापकीर_गल्लीकर

काका, टॅली आहे त्यांच्याकडे. मिंटवर टॅली सरळ चालत नाही, व्हर्च्युअल मशीनचा खटाटोप करावा लागतो. दोन दुकानांचे हिशोब ठेवणाऱ्या माणसाला तो कशाला सांगायचा. मायक्रोसॉफ्टच्या जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निभावतं, पुढचं पुढे.

बे_एरिया_भाऊ

इथे कॅलिफोर्नियात माझ्याकडे पण टी४३० च आहे, मुलगा वापरतो, म्हणून राहवलं नाही. मला ते कॅडीत हार्डडिस्क प्रकरण तितकंसं आवडत नाही. लॅपटॉप म्हटलं की तो मांडीवर असतो, उचलला जातो, एसटीत असतो. फिरती डिस्क चालू असताना धक्का बसला की हेड प्लॅटरला लागायची भीती. बॅटरीही जास्त खाते. माझा सल्ला, मेन खणात १ टीबीची एसएसडी टाका, चालू काम तिथे. जुनं सगळं घरातल्या एक्सटर्नलवर. रोज कोणी दहा वर्षांपूर्वीचं नाटक उघडून बघत नाही.

अजून एक सांगतो, ऑनलाइन अगदी मातीमोल भावात १६ टीबी पोर्टेबल एसएसडी वगैरे दिसतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. आत बारकं मेमरी कार्ड असतं आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, जागा भरपूर दाखवते आणि ठरावीक जागेनंतर लिहिलेलं सगळं हवेत. एचटूटेस्टडब्ल्यू म्हणून छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, आख्खी डिस्क भरून परत वाचून बघतं, कुठलीही नवी डिस्क आणली की आधी ते चालवायचं.

जुनाट_मशीन

भाऊ, तुमचं एसटीचं म्हणणं खरं, पण प्रश्नकर्त्याचा लॅपटॉप टेबलावर असतो असं दिसतंय, एक्सटर्नल लोंबकळते हीच तर तक्रार आहे. शिवाय पॉवर ऑप्शनमधे हार्डडिस्क काही मिनिटांनी बंद करायची सेटिंग असते, फोटो बघत नसाल तेव्हा ती झोपलेली राहते, फिरतच नाही. हां, १ टीबी एसएसडी परवडत असेल तर सगळ्यात उत्तमच, हल्ली भाव चढलेत एवढंच. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, आत टाकलेली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही जातात. ती एक्सटर्नल कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा काढा.

दुकानातून हार्डडिस्क घेणार असाल तर पावती घ्याच आणि घरी आल्याआल्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पॉवर ऑन अवर्स बघा. नवी म्हणून दिलेली डिस्क हजारो तास फिरलेली निघू शकते. काही लोक तो आकडाही पुसतात, म्हणून डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा, तिथे बहुतेक वेळा पकडलं जातं.

डोंगरवाट

मंडळी, झालं काम. सांगतो काय केलं.

आधी टॅलीचा बॅकअप, मग सरेंडर. फोटो नि पत्रं एक्सटर्नलवर गेली, दोन नाटकांच्या फायली अर्ध्यातच अडकल्या त्या सोडून दिल्या, एका प्रयोगाची कॉपी मंडळातल्या एकाकडे निघाली. ४८० ची एसएसडी नि ७ मिमीची २ टीबी हार्डडिस्क पुण्याहून मागवली, दोन्हीचे सीरियल नंबर तपासले, वॉरंटी बरोबर निघाली. डीव्हीडीची जाडी मोजूनच कॅडी घेतली.

मेन खण उघडायला एकच स्क्रू होता, झाकण सरकवलं, पट्टी धरून ओढली की डिस्क हातात. तिच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या आणि पत्र्याची चौकट असते ती काढून एसएसडीला चढवली, नाहीतर ती आत खुळखुळली असती. डीव्हीडीला तर स्क्रूही नाही, लॅच सरकवलं की बाहेर. एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं, टाकताना हार्डडिस्कची कॅडी मुद्दाम बाहेर ठेवली म्हणजे बूटची फाइल चुकून तिच्यावर जायला नको. नेट लावल्यावर अ‍ॅक्टिव्हेटही झालं, की मागितलीच नाही. टॅली उघडायला आधी केवढा वेळ लागायचा, आता क्लिक केलं की समोर. हार्डडिस्कवर फोटो टाकताना वेग मधेच पार खाली गेला, पण अंबाझरी यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, रात्रभर लावून झोपलो.

आता एकच अडलंय. फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग जुन्या डी ड्राइव्हचे पत्ते धरून बसलाय आणि नवी हार्डडिस्क ई म्हणून आली. सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्ह दिसतंय. परत इम्पोर्ट करायचं का? रेटिंग नि टॅग सगळे जातील.

तापकीर_गल्लीकर

इम्पोर्ट अजिबात नको. सॉफ्टवेअर बंद करा. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. डी अक्षर कोणी अडवलंय का बघा, पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तोच असतो, काढा. मग हार्डडिस्कच्या पार्टिशनवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, डी द्या. आतले फोल्डर जुन्या डीवर होते त्याच नावाने, त्याच जागी असायला हवेत, एखादा जास्तीचा फोल्डर करून त्यात टाकले असतील तर बाहेर काढा. परत उघडलं की प्रश्नचिन्हं गेलेली असतील.

डोंगरवाट

गेली! फोल्डर "बॅकअप नवीन" नावाच्या फोल्डरात टाकले होते, बाहेर काढले, डी दिला, झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. डीव्हीडी ड्राइव्ह चांगल्या अवस्थेत पडून आहे, टी४३० वाल्या कोणाची बिघडली असेल तर मेसेज करा, सातारला येऊन घेऊन जा.